आजोबांच्या वह्या आणि नावापुढचा ९१४

पत्र (थोडं आवरून):

सप्रेम नमस्कार. माझे आजोबा एल.सी.पी.एस. (तेव्हाचा वैद्यकीचा परवाना) डॉक्टर होते. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमध्ये शिकून त्यांनी १९१७ साली आमच्या गावी (सातारा जिल्हा, तालुक्याचं गाव) दवाखाना घातला आणि १९५६ पर्यंत चालवला. वाडा आता पाडायचा आहे. दवाखान्याची खोली उघडली तेव्हा रोजच्या रुग्णांच्या वह्या, उधारीची खाती, पत्रांचे गठ्ठे आणि एक मोडीतली वही सापडली. ती वही बहुधा कंपाउंडरची असावी. भिंतीतल्या कपाटात औषधांच्या बाटल्याही आहेत. एकीत पिवळे खडे जमलेत, बुचाभोवतीही आलेत.

काका म्हणतात, लोकांची गुपितं आहेत, जाळून टाका. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, ब्रिटिशकाळातल्या अशा वह्यांना तिकडे गिऱ्हाईक आहे, पाठवून दे. गावच्या ग्रंथालयाची स्मरणिका निघते आहे, त्यांना पानांचे फोटो छापायचेत. ‘आमच्या गावचे धन्वंतरी’ असा लेखही मलाच लिहायला सांगितलाय. पण वह्या चाळताना दोन गोष्टी खटकल्या. बऱ्याच नावांपुढे ९१४ असा आकडा आहे. हा घरनंबर का? आणि काही ठिकाणी आर्सेनिक लिहिलेलं वाचून पोटात गोळा आला. आजोबा लोकांना विष देत होते का? चार फोटो पाठवते आहे.
— एक नात

उत्तर:

ताई,

वह्या नंतर. आधी ती पिवळी बाटली. तिला हात लावू नका, झाकण फिरवू नका, ‘जरा उजेडात बघू’ म्हणून उचलूही नका. जुन्या दवाखान्यांत पिक्रिक अ‍ॅसिड हमखास असायचं. भाजल्यावर लावायला आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासायला ते वापरत. ओलं असतं तोवर ठीक, पण वाळून खडे झाले की ते स्फोटक होतं, आणि बुचाच्या फटीत जमलेले कण घर्षणानेही पेटू शकतात. तुमच्या बाटलीत तेच आहे असं फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, पण ते नाही असं धरून चालण्यात शहाणपण नाही. खोलीला कुलूप घाला, वाडा पाडणाऱ्या माणसांना तिकडे फिरकू देऊ नका आणि अग्निशमन दलाला स्पष्ट शब्दांत कळवा. जवळच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना लांबून दाखवा. ईथरची जुनी बाटली असेल तर तिलाही हाच नियम.

बाकीच्या बाटल्यांतलं काहीही मोरीत ओतायचं नाही. ज्यांच्या काचेवर उभे कंगोरे आहेत, त्या विषाच्या. कंदिलाच्या उजेडात कंपाउंडरचा हात चुकू नये, नुसत्या स्पर्शाने कळावं, म्हणून त्या तशा करत. अफूचं टिंक्चर, मॉर्फिन, कोकेन अशी लेबलं दिसली तर ती वस्तू आठवण म्हणूनसुद्धा घरात ठेवू नका. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात नुसतं बाळगणंही गुन्हा आहे. यादी करून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

आता वह्या. तुमचा ९१४ घरनंबर नाही.

सिफिलिसवर, म्हणजे आपल्याकडच्या उपदंशावर किंवा गरमीवर, जर्मनीतून १९१० साली साल्व्हरसान नावाचं औषध आलं. त्याला ६०६ म्हणत. ते तयार करून टोचणं फार कटकटीचं होतं, म्हणून १९१२ साली त्याचं सुधारित रूप निओसाल्व्हरसान आलं. ते ९१४. आर्सेनिकापासून केलेलं हे औषध आठवड्याच्या अंतराने शिरेतून देत आणि डोस हळूहळू चढवत नेत. फोटोत ९१४च्या शेजारी ०.३, मग ०.४५, मग ०.६ असं दिसतं, ते ग्रॅम आहेत. पेनिसिलिन हाताशी येईपर्यंत या रोगावर हाच मुख्य आधार होता. १९४०च्या आसपासच्या वह्यांत ६९३ हा आकडाही भेटेल. त्याने दचकू नका, ते न्यूमोनियावरचं सल्फा औषध.

तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत नाव, बापाचं नाव, आळी आणि पुढे ९१४ असं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. मी तो फोटो पुसून टाकला. तुम्हीही ज्यांना ज्यांना पाठवला असेल त्यांना पुसायला सांगा, त्या ग्रंथालयाच्या मंडळींना सर्वांत आधी. तुम्हाला आकडा कळला नाही म्हणून स्मरणिकेच्या हजार वाचकांतल्या एकाही डॉक्टरला कळणार नाही असं थोडंच आहे? त्या आडनावाची माणसं आजही त्याच आळीत राहत असतील. त्यांच्या घरी लग्नं ठरत असतील.

आणि कळलं असं वाटणाऱ्यालाही पुरतं कळत नाही, हे आणखी वाईट. ९१४ हे उलटणाऱ्या, म्हणजे उतरून पुन्हा पुन्हा येणाऱ्या, तापावरही देत. १९४०च्या दशकात रात्री खोकला आणि दमा घेऊन येणाऱ्या ट्रॉपिकल इओसिनोफिलियावरही आर्सेनिकाची इंजेक्शनं दिली जात. म्हणजे त्या ओळीवरून त्या माणसाला काय झालं होतं ते तुम्ही सांगू शकत नाही, मी सांगू शकत नाही, पण गाव मात्र सांगून मोकळं होईल. म्हणून माझं म्हणणं इतकंच: वही वाचता येईपर्यंत ती कुणाला दाखवायची नाही. यात काकांचं भय शंभर टक्के खरं आहे. त्यांचा उपाय तेवढा चुकीचा. जाळल्याने गुपित राहील, पण चाळीस वर्षांचा गावचा ताप, खोकला, बाळंतपणं आणि उधारी हेही त्यासोबत जाईल.

वाचायचं कसं ते तुमच्या दुसऱ्या फोटोवरून सांगते. १९२६ची नोंद आहे, नाव तुम्ही बोटाने झाकलंय (छान केलंत). क्विनाईन सल्फेट ५ ग्रेन, पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड १० मिनिम, मॅगसल्फ अर्धा ड्राम, पाणी घालून १ औंस, दिवसातून तीनदा, ६ औंस द्या. मिनिम म्हणजे साधारण एक थेंब, ड्राम म्हणजे औंसाचा आठवा भाग. ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, तेव्हा एका वेळेला सव्वातीनशे मिलिग्रॅम कोयनेल झालं. क्विनाईन सल्फेट साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, अ‍ॅसिडचे थेंब त्यासाठी. मॅगसल्फ पोट साफ व्हायला. ६ औंसांची बाटली म्हणजे सहा डोस, म्हणजे दोन दिवस. रुग्णाने घरून आणलेल्या बाटलीवर कंपाउंडर कागदाची पट्टी कातरून चिकटवायचा, तिला सहा खाचा. तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा आला का, हे पुढच्या पानांवर शोधा. नाही आला तर बरा झाला, गेला, की पैसे नव्हते, याचं उत्तर रोजच्या वहीत नसतं. त्याला उधारीचं खातं उघडावं लागतं. म्हणून या वह्या एकमेकींपासून तोडायच्या नसतात.

इथे एक सापळा आहे आणि तो मराठी वाचकांसाठीच लावल्यासारखा आहे. ड्रामची जुनी खूण हुबेहूब आपल्या ३ सारखी दिसते, आणि औंसाची त्याच ३ला वर आणखी एक वळसा दिल्यासारखी. आकडे मात्र रोमन, शेवटच्या उभ्या रेघेला शेपटी काढलेले. तुम्ही पत्रात ‘३३ चमचे’ असं जे वाचलंत ते बहुतेक ड्रामची खूण आणि पुढचा आकडा असणार. फी साधी आहे: ०–६–० म्हणजे शून्य रुपये, सहा आणे, शून्य पै. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. नवे पैसे एप्रिल १९५७मध्ये आले, तुमच्या वह्या त्याआधीच संपतात, तेवढा घोळ वाचला.

आता विषाचं. आजोबांनी लिहिलेलं लायकर आर्सेनिकॅलिस हे ब्रिटिश फार्माकोपियातलं (औषधांच्या अधिकृत ग्रंथातलं) रीतसर औषध होतं, आर्सेनिक ट्रायॉक्साइडचं एक टक्क्याचं पाणी. चौथ्या फोटोत ३ मिनिम, जेवणानंतर, असं आहे. त्यातून पोटात जाणारं आर्सेनिक ट्रायॉक्साइड साधारण दोन मिलिग्रॅम. जुनाट त्वचारोग, रक्तक्षय, न हटणारा हिवताप यांवर लंडनचा डॉक्टरही हेच देत होता. तेव्हा गोळा उतरू द्या. पण पुरता उतरवू नका. महिनोन्‌महिने हे घेतलेल्यांच्या तळहात-तळपायांची कातडी जाड होते आणि पुढे कॅन्सरही होऊ शकतो, हे लंडनमध्ये १८८०च्या दशकातच लिहिलं गेलं होतं. पाऱ्याची कॅलोमेलची पूड तान्ह्या मुलांना दात येताना सर्रास देत. त्याने हातपाय गुलाबी होऊन पोरं हैराण होतात, हा संबंध १९४०च्या दशकाच्या शेवटी कुठे लक्षात आला. तुमच्या आजोबांच्या वह्यांत कॅलोमेल कोणत्या वर्षी थांबतं ते बघा. ते १९५० नंतर दिसेनासं झालं असेल तर तालुक्याच्या गावी बसूनही हा माणूस नवं वाचत होता, असं म्हणायला जागा आहे. हा तपशील ‘हाताला यश होतं’ या वाक्यापेक्षा मला शंभरपट मोलाचा वाटतो.

तुम्ही सहज लिहून गेलात की १९१८च्या ऑक्टोबरात अक्षर एकदम बिघडतं, नुसती आडनावं आणि माणसांची संख्या आहे, आणि एक आठवडा पानं कोरी आहेत. ताई, माझ्या मते तुमच्याकडचं सर्वांत मोठं धन हेच. ही मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ. जूनमध्ये मुंबईत आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने दुसऱ्यांदा, फार जोरात, गावोगाव माणसं नेली. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेलेला, धान्य महाग. हिंदुस्थानात मिळून एक कोटीच्या वर माणसं गेली असं मानतात, पण नेमका आकडा कुणालाच धरता येत नाही, कारण जन्ममृत्यूच्या नोंदी ज्या गावकामगारांनी करायच्या तेच अंथरुणाला खिळलेले. अशा वेळी खाजगी डॉक्टरची रोजची वही हाती लागणं दुर्मीळ. कोऱ्या आठवड्यात आजोबा स्वतः तापाने पडले असावेत असा माझा अंदाज. घरच्या पत्रांत त्या तारखा शोधा, एखादं ‘प्रकृतीस उतार आहे’ सापडेल. त्या पानांवर औषधांची नावं एकसारखी आहेत का? व्हिजिटला कुठल्या वाड्यावस्त्यांवर गेले? क्रमाने उतरवून काढा.

वस्त्यांवरून आठवलं. स्मरणिकेतला लेख लिहाल तेव्हा ‘आजोबांनी कधी जातपात पाहिली नाही’ हे वाक्य येणारच, सगळ्याच लेखांत येतं. लिहिण्याआधी वही विचारा. महारवाड्यातून दवाखान्यात आलेले किती आणि डॉक्टर स्वतः तिथे व्हिजिटला गेले किती वेळा? फीच्या रकान्यात शून्य कुणापुढे आणि बाकी कुणाच्या नावावर वर्षानुवर्षं ओढलेली? उत्तर आजोबांच्या बाजूने आलं तर तुमच्या लेखाला बळ मिळेल. नाही आलं तर ते वाक्य गाळा. धन्वंतरी करण्याची घाई नको. इंग्रजी अमदानीतला पुण्याच्या शाळेत शिकलेला लायसेन्शिएट (परवानाधारक डॉक्टर), एका खोलीत, बाटल्या धुवायला नीट पाणी नाही, एक्स-रे नाही, जवळचं इस्पितळ टांग्याने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. एवढ्यात तो काय करू शकत होता, हे सांगितलंत तरी लेख उभा राहतो.

चुलतभावाला मात्र थेट नाही म्हणून कळवा. १९७२च्या पुरावस्तूविषयक कायद्यात ७५ वर्षं झालेले, ऐतिहासिक किंवा वैज्ञानिक मोल असलेले दस्तऐवज पुरावस्तू मानले जाऊ शकतात, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. कुरियरनेही नाही आणि सामानात घालूनही नाही. १९५०पर्यंतच्या तुमच्या सगळ्या वह्या त्या वयात बसतात. कायदा बाजूला ठेवला तरी, लिलावात विकत घेणारा पानं सुटी करून विकतो, हे त्याला सांगा. आणि त्या वह्या तुमच्या दोघांच्या घरच्या असल्या तरी आतली दुखणी तुमच्या घरची नाहीत.

डॉक्टरने ऐकलेलं रुग्णाच्या मरणानंतरही झाकलेलंच राहावं, हे शब्द जिनिव्हाच्या वैद्यकीय प्रतिज्ञेत १९६८ साली मुद्दाम घातले गेले. आजोबा त्याआधीचे, पण रीत त्यांनाही ठाऊक होती. नाहीतर त्यांनी सरळ रोगाचं नाव लिहिलं असतं, आकडा कशाला लिहिला असता? विलायतेतल्या दप्तरखान्यांत रुग्णांच्या नोंदी साधारण शंभर वर्षं बंद ठेवतात. तुम्हीही तीच मोजणी धरा. आरंभीच्या काही वह्या आज अभ्यासकाला दाखवता येतील, शेवटची २०५७ मध्ये. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला आणि राज्याच्या पुराभिलेख विभागाला (मुंबई, पुणे, कोल्हापूर इथे त्यांची दप्तरं आहेत) पत्र लिहून विचारा. जे घेतील त्यांच्याशी कागद करा: कोणती वही कोणत्या सालापर्यंत बंद, आधी बघायची तर कुणाच्या परवानगीने, छापताना नाव झाकायचं की नाही. तोंडी ‘हो हो, काळजी नको’वर देऊ नका. काकांची त्या कागदावर सही घ्या, त्यांचंही समाधान होईल.

स्मरणिकेला काय द्यायचं? परवान्याचं प्रमाणपत्र, लेटरहेड, औषधांच्या व्यापाऱ्यांची बिलं, खाचांची पट्टी अजून शिल्लक असलेली एखादी बाटली, आणि १९१८च्या ऑक्टोबरातलं एक पान नावं पूर्ण झाकून. काळ्या पेनाने मूळ पानावर खाडाखोड नको! पानावर कागद ठेवा आणि फोटो घ्या. मोबाइलमध्ये नंतर रंग फासलेलं कधी कधी पुसता येतं.

जपण्याचं थोडक्यात, कारण यात लोक हौसेने फार बिघडवतात. लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही, ऊन दाखवणं नाही, कीटकनाशकाचा फवारा नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. मऊ ब्रशने धूळ झाडा. ज्या क्रमाने गठ्ठे सापडले तो क्रम मोडू नका, वर पेन्सिलीने आकडे घाला. वाळवी भिंतीतून येते, म्हणून वह्या भिंतीपासून सुट्या, जमिनीपासून वर. वेखंडाच्या पुरचुंड्या आजीच्या पोथ्यांना चालल्या, यांनाही चालतील. खिडकीच्या उजेडात, पान सपाट ठेवून, प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि ते फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. एका डिस्कवर ठेवा, दुसरी प्रत काकांकडे द्या.

राहिली मोडीतली वही. तुम्ही तिला ‘बिनमहत्त्वाची, मिश्रणांची’ म्हटलंत. ती मी सर्वांत आधी वाचायला घेईन. डॉक्टर ‘कार्मिनेटिव्ह (पोटातला वारा सारणारं औषध), ४ औंस’ एवढंच लिहून मोकळे होतात. ते मिश्रण इथे कशाचं होत होतं, बडीशेपेचं पाणी विकतचं की घरी काढलेलं, लढाईच्या दिवसांत माल येईना तेव्हा कशाच्या जागी काय घातलं, हे कंपाउंडरच्याच वहीत असणार. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, तुम्ही शिकू शकाल. तोवर एखाद्या मोडी वाचकाकडून चार पानं वाचून घ्या. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की त्या कंपाउंडरचे नातू गावातच किराण्याचं दुकान चालवतात. ही वही त्यांच्या आजोबांच्या हातची आहे. मंडळाला, विभागाला, कुणालाही पत्र लिहिण्याआधी ती घेऊन त्यांच्याकडे जा, वाचून दाखवा आणि तिचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.